तीन हिसके

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. ज्याचा बसेल त्यानं घरी जाऊन गार पाण्यानं डोळे धुवावेत आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचावं.

मी एक जुनं कुलूप आहे. पितळेचं, सहा लिव्हरचं, मोठ्या माणसाच्या मुठीएवढं. सध्या माझा मुक्काम कुलपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या टपरीत, डावीकडच्या फळीवरच्या खिळ्याला आहे. शेजारच्या खिळ्यावर माझी किल्ली असते. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच हातांनी घडलो. ती बोलत नाही. मी काही वाढवून सांगायला लागलो की वारा नसताना खिळ्यावर किणकिणते, तेवढंच. म्हाताऱ्याला वाटतं, टपरीत उंदीर झालेत.

ज्या कारागिरानं मला घडवलं तो दिसायला काटकुळा, पण हात असे की लोखंडानं त्याच्यासमोर चळचळा कापावं. त्याची बायको शेजारी बसून माझ्या कडा कानशीनं घासायची आणि नवऱ्याला सुनवायची की, तुझ्या पोटात एक आणि ओठात एक, निदान कुलपाचं तरी पोट नीट भर. त्यानं माझ्या पोटात सहा पट्ट्या बसवल्या, एकेक स्प्रिंग चिमट्यानं जागेवर ठेवली, मला कानाशी धरून किल्ली फिरवली आणि हसला. मग मला समोर धरून, एखाद्या पोराला शाळेत पाठवताना सांगावं तसं सांगितलं, "किल्ली आली की हो म्हणायचं. बाकी कुणी ओढलं की नाही म्हणायचं. एवढंच तुझं शिक्षण."

मी नाही म्हणायला फार लवकर शिकलो.

माझी पहिली नोकरी दोरखंडाच्या गोदामावर. तिथं एकदा किल्ली हरवली असं समजून मालकानं मला साखळी बांधली आणि सात हमाल नि चार बैल जोडून ओढायला लावलं. कडी वाकली, दार निखळलं, दाराच्या मागोमाग भिंत आली. मी आलो नाही. (किल्ली किणकिणली. बरं, बैल दोन होते. बरं, एक.) पुढं एक चोर भरदुपारी तारांचा जुडगा घेऊन आला. तारा संपल्या तरी मी ढिम्म. शेवटी त्यानं मला हात जोडले, माझ्याच पायरीवर बसून पोटभर रडला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच गोदामात राखणदार म्हणून कामाला लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो स्वतःच सांगायचा, या कुलपाचा नाद करू नका, मी करून बसलोय.

असं कौतुक रोज कानावर पडलं की कुलूपसुद्धा फुगतं, मित्रांनो. मला वाटू लागलं की जगातली सगळी सुरक्षितता माझ्या एकट्याच्या दांड्यावर लटकलेली आहे.

मग गोदाम हललं. सामान भरलेल्या गाडीवरून मी घसरलो आणि खाली दगडावर आपटलो. बाहेरून एक ओरखडासुद्धा नाही. आत मात्र तिसऱ्या पट्टीची स्प्रिंग तुटली. मला ते त्याच क्षणी कळलं. दात हलायला लागला की ज्याचा त्याला कळतो ना, तसं. त्यानंतर माझं असं झालं: सरळ खाली ओढलं तर मी पूर्वीसारखाच घट्ट. पण कुणी खालून वर ढकलून जरा डावीकडे पिळलं, की दांडा सुटायचा. एका हमालाच्या टोपलीचा धक्का असाच लागला आणि मी उघडलो. हमाल पुढं निघून गेला. वाऱ्यानं दार हललं, त्या धक्क्यानं मी पुन्हा मिटलो, आणि जणू काही झालंच नाही असा चेहरा करून लटकत राहिलो.

कुणाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कुलपाला खालून वर ढकलायचं कुणाच्या बापाला सुचणार आहे, असं मी मनाशी म्हणालो. लोक ओढतात. ओढलं की मी नाही म्हणतो. मग बिघडलं कुठं? मित्रांनो, आपला दोष दुसऱ्याला दिसत नाही एवढ्यावर समाधान मानून मी कित्येक वर्षं काढली, आणि ती वर्षं वाईट गेली असंही नाही. आज हे सांगताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, हेही सांगून टाकतो.

जुन्या सामानाच्या दुकानातून मला विकत घेतलं ते मास्तरांनी. हे निवृत्त शिक्षक. बेकरीच्या मागच्या गल्लीत एक खोली होती, एके काळी पिठाची पोती ठेवायची. तिथं एक लांब टेबल, पाच खुर्च्या, भिंतीत एक खिडकी. दर गुरुवारी दुपारी चार वाजता तिथं पाच माणसं जमत आणि शुभवर्तमानाचा अभ्यास करत. मी त्या खोलीच्या दाराचं कुलूप झालो. अभ्यास चालू असताना मी कोयंड्याला उघडा लटकत असे, दार अर्धवट लोटलेलं असे, त्यामुळे आतला शब्द न् शब्द मला ऐकू येई. पाच माणसांच्या त्या वर्गात सहावा विद्यार्थी मी होतो, आणि हजेरी माझीच सगळ्यात चांगली होती.

त्या वर्षी त्यांनी शेवटचा भाग घेतला होता. येशूला बागेत पकडलं तिथपासून वधस्तंभापर्यंत. दर गुरुवारी चारपाच ओळी, जास्त नाही. मास्तर वाचत आणि मग ज्यानं त्यानं आपल्या कामातून जे समजेल ते बोलायचं, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे तिथं मोठं मोठं कुणी बोलत नसे. शिंपीणबाई एकदा पाऊण तास त्या अंगरख्यावर बोलल्या, ज्याला शिवण नव्हती म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. असं कापड मागावर गोल विणत आणावं लागतं, मध्ये एक धागा चुकला तर सगळं उसवायचं, हे त्यांनी आपल्या ओढणीचं टोक धरून दाखवलं. म्हणाल्या, "कुणीतरी बाईनं महिनोन् महिने बसून विणलं असणार हो. तिला कळलं असेल का, कुणाच्या अंगावरून निघालं ते?" टपालवाला घरोघर पत्रं वाटणारा, त्याचं लक्ष नेहमी अंतरावर. या घरातून त्या वाड्यात, तिथून राज्यपालाकडे, तिथून परत, एका सकाळीत माणसाला किती चालवलं याचा हिशेब त्यानं बोटांवर केला.

आणि गवंडीबाबा. ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर भिंती बांधल्या, आता नजर कडांनी मिटत चालली होती. डॉक्टरांनी थंडीपर्यंतचा वायदा दिला होता. वधस्तंभाचं लाकूड खांद्यावर देऊन माणसाला चढावर चालवलं, तो भाग आला तेव्हा ते एवढंच म्हणाले की ओलं लाकूड सुक्याच्या दीडपट भरतं, आणि लिहिणाऱ्यानं ते लिहिलं नाही, कारण त्यानं कधी उचललं नसेल.

बाबांची एक इच्छा होती. जन्मभर हा मजकूर त्यांनी ऐकला होता. आता डोळे जायच्या आत एकदा तो स्वतः, एकट्यानं वाचायचा होता. मास्तर म्हणाले, मी वाचून दाखवतो की रोज. त्यावर बाबा म्हणाले, "ऐकताना वाचणारा ठरवतो कुठं थांबायचं ते. मला जिथं थांबायचंय तिथं मला थांबता येत नाही."

म्हणून बाकीच्यांनी काम काढलं. दर गुरुवारी जेवढं वाचून होई तेवढं जाड कागदावर, काळ्या शाईनं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत उतरवायचं. एका कागदावर कशाबशा चार ओळी मावत. मास्तर, शिंपीणबाई, टपालवाला, तिघं आळीपाळीनं लिहीत. सात महिने चाललं होतं ते.

पाचवी मावशी. ही बेकरीत आणि गल्लीतल्या तीन घरांत झाडलोट करायची. तिला स्वतःच्या सहीपुरतं लिहिता यायचं, म्हणून ती कागद लिहीत नसे. पण लिहिलेला प्रत्येक कागद दोरीवर चिमट्यानं वाळत घालायचा, शाई पुसली जाणार नाही असा उतरवायचा, गठ्ठ्यात ठेवून वर दगड ठेवायचा, हे तिचं. खोली झाडणं तिचं, चहा तिचा. आणि किल्ली तिची. जाड दोऱ्यात ओवून ती गळ्यात घालायची. माझी किल्ली त्या दिवसांत फार दिमाखात असे. (आत्ता ती किणकिणली नाही. हे खरं आहे म्हणून.)

मावशी बोलायची क्वचित. पण आवारात शेकोटीपाशी येशूचा शिष्य पेत्र बसला होता आणि एक दासी म्हणाली की हाही त्याच्याबरोबर होता, आणि पेत्र नाही नाही म्हणत राहिला, तो भाग झाला त्या गुरुवारी सगळे पेत्रावर बोलले. बोलून दमले. तेव्हा मावशी कपबशा गोळा करता करता म्हणाली, "त्या सगळ्या रात्रीत खरं बोलली ती एकटी ती मुलगीच की. तिनं बरोबर ओळखलं होतं. तिचं पुढं काय झालं?"

मास्तर म्हणाले, "ते काही लिहिलेलं नाही, मावशी."

"नसेलच," मावशी म्हणाली आणि कपबशा विसळायला गेली.

आता वकीलिणीबद्दल सांगायला हवं. सांगावंसं वाटत नाही, पण तिच्यावाचून पुढं सरकता येत नाही. वकीलीण म्हणजे शेजारच्या धोब्याची शेळी. दिसेल तो कागद खायची आणि कुणी हटकलं तर शेवटपर्यंत हुज्जत घालायची, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. पुढं एका गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वकीलिणीच्या शिंगाच्या बुडाशी खाज सुटली होती. ती भिंतीला घासून आली, खांबाला घासून आली, आणि मग तिला बरोबर तिच्या उंचीवर लटकलेला मी दिसलो. तिनं मान खाली घातली, शिंग माझ्या पोटाखाली घेतलं, आणि वर ढकलून जरा डावीकडे पिळलं.

सात हमाल, चार बैल आणि तारांचा जुडगा घेऊन आलेला चोर, यांच्यापुढं न नमलेला मी शेळीच्या खाजेपुढं उघडलो.

दार आत गेलं. वकीलीण आत गेली. तिनं गठ्ठ्यावरचा दगड नाकानं सरकवला. मला आत दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. शांतपणे, एकेक कागद, कुठलीही घाई न करता. चार तास.

चार वाजता मास्तर, शिंपीणबाई आणि टपालवाला बाबांना हाताला धरून घेऊन आले, तेव्हा दार सताड उघडं होतं, मी कोयंड्याला सुटा लटकत होतो, आणि वकीलीण टेबलाजवळ उभी राहून शेवटचा कोपरा चघळत होती. सदतीस कागदांतले धड असे दोन उरले होते. बाकी चुरा. शिंपीणबाईंनी चपलेनं शेळीला बाहेर काढलं. बाबा खाली जमिनीवर बसले आणि तळव्यांनी फरशी चाचपून तुकडे गोळा करू लागले.

एवढ्यात मावशी चहाचं दूध घेऊन आली. तिनं दारातूनच पाहिलं. दुधाचं भांडं तिनं आधी फळीवर ठेवलं, झाकण घातलं, आणि मग ती आत आली.

मास्तर खुर्चीवर बसले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, सकाळी झाडून गेल्यावर कुलूप लावलं होतं ना. मावशी म्हणाली, लावलं होतं, आणि हिसका देऊन पाहिला होता. नेहमीच पाहते.

मग शिंपीणबाई म्हणाल्या की बाराच्या सुमाराला त्या गल्लीतून गेल्या तेव्हा त्यांना कुलूप सुटं दिसल्यासारखं वाटलं होतं. टपालवाला म्हणाला, तोही बारालाच गेला होता आणि दार तर बंद होतं. शिंपीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, म्हणजे लोटलेलं असेल. त्या म्हणाल्या, म्हणजे मी साडेबाराला गेले असेन. दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आपापली दुपार जुळवून घेतली. येशूविरुद्धच्या साक्षीदारांचा मेळ बसेना, हा भाग या दोघांनीच तीन महिन्यांपूर्वी अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिला होता. तो कागद आता वकीलिणीच्या पोटात होता.

"मावशी," मास्तर म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. घाईत राहिलं, एवढं म्हणा. आम्ही इथल्या इथं विसरून जाऊ."

"राहिलं असतं तर मीच पहिल्यांदा म्हणाले असते, मास्तर. लावलं होतं मी."

शिंपीणबाई तिच्या जवळ गेल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. "अहो, तुम्हाला माफ करायलाच बसलोय ना आम्ही. तुम्ही कबूलच केलं नाही तर माफ कशाला करायचं?"

"मग नका करू," मावशी म्हणाली.

बाबा एक तुकडा डोळ्याच्या अगदी जवळ धरून बघत होते. त्यावर अर्धंच अक्षर होतं. मावशीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दुसरा तुकडा उचलला. त्यांना ती खोटी वाटत होती असं नाही, मित्रांनो. त्यांना त्या क्षणी कुणीच काहीच वाटत नव्हतं. सात महिने आणि थंडीपर्यंतचे डोळे, दोन्ही त्यांच्या हातात चुरा होऊन पडले होते.

मग मावशी दाराकडे वळली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझ्यावर विश्वास नाही ना? कुलपालाच विचारा."

मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात मला कुणी साक्षीला बोलावलं ते त्या एकदाच.

मास्तर उठले. त्यांनी मला मिटवलं, खटका वाजला, आणि त्यांनी मला सरळ खाली ओढलं. पहिला हिसका. मी नाही म्हणालो. हा माझा गुन्हा मी मानत नाही. सवय होती ती. जन्मल्या दिवशी शिकवलेला धडा आपोआप तोंडातून आला.

मग टपालवाला पुढं आला. माणूस ताकदीचा, रोज खांद्यावर पोतं वाहणारा. दुसरा हिसका. या वेळी मला विचार करायला वेळ मिळाला होता. तिसरी पट्टी माझ्या पोटात थरथरत होती. मी नुसतं अंग सैल सोडलं असतं, जरासं कुरकुरलो असतो, तरी मास्तरांनी मला उचलून, उलटं करून पाहिलं असतं. पण उलटं करून पाहिलं की पुढची जागा भंगाराची, हे मला ठाऊक होतं. मी भ्यालो. सगळ्या पट्ट्या आवळून घेतल्या आणि नाही म्हणालो.

तेव्हा मास्तर म्हणाले, "कुलूप चांगलं आहे हो. जुन्या माणसांचं काम. असं आता मिळत नाही."

तिसरा हिसका शिंपीणबाईंचा. आणि हे सांगताना मला माझं तोंड कुठं लपवू असं होतं. या वेळी मी भीतीनं घट्ट राहिलो नाही. मला बरं वाटलं होतं. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला चांगलं म्हणालं होतं, आणि ते ऐकून मी छाती फुगवली. एवढा घट्ट राहिलो की शिंपीणबाईंच्या बोटावर वळ उठला. एक बाई चार माणसांत खोटी ठरत होती आणि मी माझी तारीफ ऐकत होतो. त्या शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राला निदान पहाटे रडू तरी आलं. मला आलं नाही.

आजसुद्धा टपरीतला म्हातारा रोज सकाळी मला एक हिसका देतो, मान डोलावतो आणि चांगल्या कुलपांच्या रांगेत परत टांगतो. पोट उघडून पाहत नाही. मीही बोलत नाही.

"बघा मावशी," मास्तर म्हणाले. "कुलूप तर धडधाकट आहे."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. एखाद्या ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख दिली नाही की आपण त्याच्याकडे बघतो, आणि मग म्हणतो की जाऊ दे, त्याला दिसलो नसू, तसं तिनं पाहिलं. मग गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. तो केसांत अडकला. कुणी हात लावला नाही. तिनं तो स्वतःच सोडवला आणि किल्ली टेबलावर, त्या दोन उरलेल्या कागदांच्या शेजारी ठेवली.

"दूध झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "तापवून घ्या, नासेल."

आणि गेली.

मग मास्तरांनी पुस्तक उघडलं, कारण गुरुवार होता. मागं सुटलेल्या काही ओळी त्या दिवशी पुन्हा घ्यायच्या ठरल्या होत्या. येशूला मरणाची शिक्षा देताना राज्यपालानं जमावासमोर पाणी मागवलं आणि हात धुतले, त्या. मास्तरांनी विचारलं, यातून आपण काय घ्यायचं. शिंपीणबाई फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, त्याला खरं माहीत होतं, आणि माहीत असून गप्प बसला, म्हणून तो जास्त दोषी. टपालवाला म्हणाला, गप्प बसणारा नेहमी म्हणतो की मी काही केलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकालाही फळीवरचं दुधाचं भांडं दिसलं नाही. आणि दाराला लटकून मी तो सगळा धडा ऐकत होतो. प्रत्येक वाक्य मला उद्देशून होतं आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.

पण थांबा, मित्रांनो. इथंच सोडून जाऊ नका. इथं गोष्ट संपली तर तुम्ही उद्यापासून कुठल्या कुलपाकडे धड बघणार नाही. पुढं काय झालं ते ऐका.

गवंडीबाबा उठले. होय, उठले. काठी टेकत दाराशी आले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे ओढताय काय? भिंत कच्ची आहे का हे गवंडी वरून बघत नाही, बुडाशी हात घालून बघतो." त्यांनी आपला रुंद तळवा माझ्या पोटाखाली घातला. आयुष्यभर दगड तोललेला हात तो, त्याला काय कळायचं राहतंय? त्यांनी मला वर ढकललं, जरा डावीकडे पिळलं. चौथा हिसका. आणि मी उघडलो. असा खटकन उघडलो की मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला.

मग काय विचारता. मास्तर अनवाणी गल्लीत धावले. टपालवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा पत्राशिवाय कुणाचं तरी दार ठोठावलं. शिंपीणबाईंनी मावशीला कोपऱ्यावरच गाठलं, तिच्या गळ्यात आपल्या हातानं दोरा घातला आणि म्हणाल्या, माफ करायचं काम आता तुमच्याकडे आलंय, जमलं तर बघा. मावशी हसली. तेच दूध तापवून सगळ्यांनी चहा घेतला. वकीलीण दारात येऊन मान खाली घालून उभी राहिली, हुज्जत न घालता. आणि नऊ दिवसांत, नऊच दिवसांत, त्यांनी सदतीसच्या सदतीस कागद पुन्हा लिहिले. यातला एक मावशीनं लिहिला, शिंपीणबाईंनी तिचा हात धरला होता. तो कागद त्या दासीचा होता. थंडी पडायच्या आत बाबा एका सकाळी खिडकीपाशी बसले आणि सगळं वाचून काढलं. एकट्यानं. जिथं थांबायचं होतं तिथं थांबले. आणि कुठं थांबलो ते सांगायला त्यांनी सगळ्यांच्या आधी मावशीला बोलावलं.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या कुलपाची तुम्हाला एक विनवणी आहे. जुन्या कुलपांची निगा राखा. वर्षातून दोनदा दोन थेंब तेल द्या, धूळ फुंकून काढा. नुसतं ओढून पाहू नका, कधी खालून हात लावूनही पाहा. आम्ही तोंडानं सांगत नाही, पण कुणी नीट विचारलं तर आम्ही खरं तेच सांगतो, जसं मी त्या दिवशी चौथ्या हिसक्याला

"चौथा हिसका कुणी दिलाच नाही," किल्ली म्हणाली. "मी तिथंच होते, टेबलावर."